खंड्या आणि मांदेली शांत आहेत

४ फेब्रुवारी, मंगळवार. बुरोंडी

तीनदा ओकला खंड्या. घरापासून नाक्यापर्यंत, मोजून दहा मिनिटांचा रस्ता! मांदेली पिंजऱ्यात अशी किंचाळत होती की टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. एकजण म्हणाला, "गुरुजी, पोर कोंडलंत की काय आत?"

केतननं ही घरगाडी पुण्याहून भाड्यानं आणली आहे. तो कॅम्पर म्हणतो. आत बिछाना, शेगडी, मोरीएवढं बेसिन, आणि टेबलाला लागून दोघांची बैठक. उद्या घराला कुलूप. मला डोंबिवलीला न्यायचं आहे, कायमचं. पण मजेत, थांबत थांबत. आधी खेड, मग देवरूखकडे बायकोच्या, गुणवंतीच्या माहेरी, तिची बहीण सखू आहे तिथे. मग वर.

योगिनीनं, म्हणजे सुनेनं, आज स्वच्छ सांगितलं. वाईट नाही बोलली, खरं बोलली. "आप्पा, आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, शेजारी कुरकुरे. कुत्रा-मांजर दोघं गाडीत नीट राहिली तर घरात राहतील. नाही राहिली, तर सखूमावशींच्या अंगणात सोडू."

खंड्या सात वर्षांचा. मांदेली गुणवंतीची. मासळीच्या पाटीखालून उचलून आणलेलं मांजराचं पिल्लू, पिवळं आणि बोटभर, म्हणून मांदेली. गुणवंतीला जाऊन चौदा महिने झाले. आता ही दोघंही सोडली तर डोंबिवलीत मी बोलू कोणाशी? भिंतीशी?

५ फेब्रुवारी, बुधवार. खेड

अद्भुत!

सकाळी वेशीवर नारळ ठेवला. आमच्याकडे नवी गाडी शिवेबाहेर न्यायची तर गावच्या राखणदार देवाला सांगून न्यायची, आत कोण कोण बसलंय त्यांची नावं घेऊन. ज्याचं नाव घेतलं त्याला तो सांभाळतो. चाळीस वर्षं घरातलं गाऱ्हाणं मीच घालतो. आता ते शब्द मला म्हणावे लागत नाहीत. शाळेत पाढे म्हणताना पोरं खिडकीबाहेर बघत असायची आणि जीभ आपली चालत असायची, तसं. केतन-योगिनी मागून "होय महाराजा!" म्हणत होते.

नारळ फुटला, गाडी निघाली. मी बादली आणि फडकी घेऊन तयार. आणि काही नाही! खंड्या उठला, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेशी गेला, बैठकीच्या कडेवर हनुवटी टेकून बसला. मांदेली पिंजऱ्यात गप्प. दापोली गेली, वळणं गेली, खेड आलं.

मी वाटेत ओव्या म्हणत होतो, वर्गात म्हणायचो तशा, संथ. केतन म्हणाला, "आप्पा, आम्हालाही तुम्ही असंच झोपवायचात!"

योगिनी मागे वळून वळून बघत होती. "जादू केलीत हो काही तरी."

केली असेल. कवितेत असते ती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जीव गेला असता दोघांचा. चूक माझीच.

जगबुडीच्या काठाला गाडी उभी होती. दहा मिनिटांत येऊ म्हणून तिघंही बाजारात गेलो. काचा बंद! जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला चौथीचं वाचनपुस्तक दिसलं, माझ्या काळातलं. पानांना तोच वास. मी उभ्या उभ्या वाचत बसलो. केतनला बँकेचं काम निघालं. योगिनीला वाटलं, मी गाडीत परतलो. पाऊण तास झाला. डोक्यावर ऊन. आठवलं तेव्हा तिघंही धावलो.

दार उघडलं तर आत गारवा. उन्हाकडचा पडदा ओढलेला. सावलीकडची काच चार बोटं उघडी आणि तिथला पडदा निऱ्या घालून बाजूला खोचलेला. दोघं स्वस्थ बसलेली.

"बरं झालं आप्पा, तुम्ही काच उघडून आलात," योगिनी म्हणाली. मला वाटत होतं, तिनंच उघडली.

मी "हं" म्हणालो.

खाल्लं मात्र नाही कोणी. प्रवासात भूक मरते. माणसांचीसुद्धा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुकट ठेवली, मांदेलीनं वास घेतला नाही. खंड्याला भाकरीवर माशाचं कालवण दिलं. बघितलंही नाही. पाणी तेवढं पितो.

दुपारी दीडच्या सुमारास मी बैठकीवर होतो. केतन-योगिनी बाहेर झाडाखाली. खंड्या नेहमीसारखा हनुवटी टेकून. त्याच्या कपाळावरचे केस दबले. मग उठले. परत दबले. कपाळावरून मागे, डाव्या कानाच्या मुळाशी. तिथे जरा जास्त वेळ.

वारा नव्हता. पडदासुद्धा हलत नव्हता.

मांदेली पिंजऱ्यातून येऊन माझ्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेवर झोपली होती. मधोमध नाही, अगदी कडेला. कोणाच्या तरी मांडीला टेकून झोपावं तशी.

भ्यायला हवं होतं. मी मात्र कविता म्हणायला लागलो. नदीची, दुसरीतली. ती ऐकताना कोणी तरी भाजी निवडायचं थांबत असे.

८ फेब्रुवारी, शनिवार

जनावरांच्या डॉक्टर नम्रताबाईंकडे नेलं. तरुण आहेत, हात हलका. खंड्याला हात लावला, तोंड उघडून बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, माणसांच्या झोपेच्या गोळ्या दिल्यात का याला?"

"छे हो!"

"मग? गाडीला घाबरणारा कुत्रा धापा टाकतो, लाळ गाळतो, कुठे तरी लपतो. हा काहीच करत नाही. परका हात लावला तरी गुरगुरत नाही. हे मला आवडलेलं नाही. आणि मांजर — तीन दिवस उपाशी? मांजराचं लिव्हर बिघडतं तेवढ्यानं. दोन दिवसांत खाल्लं नाही तर जगायची नाही."

बाकी सगळं मी नीट करतो म्हणाल्या: निघायच्या तीन तास आधी खाणं, दर दोन तासांनी थांबणं, दार उघडायच्या आधी गळ्यात पट्टा. बंद गाडीबद्दल मात्र रागावल्या. बरोबरच आहे.

सुई टोचली तेव्हाही खंड्या हलला नाही. तो बाईंच्या खांद्यावरून उघड्या दारातून गाडीकडे बघत होता.

संध्याकाळी

गाऱ्हाणं मनात म्हणून बघितलं. जीभ तिच्या चालीनं निघाली: बा महाराजा, आज ही लेकरं शीव ओलांडतायत, मी, गुणवंती, केतन —

पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललं.

केतनला विचारलं, "परवा वेशीवर मी नावं कुठली घेतली रे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आईचं घेतलंत. मला वाटलं, मुद्दाम घेताय. म्हणून बोललो नाही."

योगिनीचा चेहरा उतरला. "अहो, आणि मी होय महाराजा म्हणाले!"

चाळीस वर्षांच्या ओळीतून एक शब्द काढायचा राहिला. बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. देवरूखजवळ

सखूच्या अंगणात पोचलो. कोंबड्या अंगणभर. एरवी खंड्यानं पिसं उडवली असती. त्यांच्यामधून चालत गेला, जसा काही त्या नाहीतच. सखूचा कुत्रा मात्र गाडी बघून ओट्याखाली शिरला तो आलाच नाही.

सखूनं पदर खोचला. "भावोजी, हे कुत्रं का सावली? ह्याला झालंय काय?"

केतननं सगळं सांगून टाकलं. सखू हसली नाही. तिनं गाडीच्या दारातून आत बघितलं, बराच वेळ. मग मलाच झापलं. "मास्तर म्हणवता नि नावं मोजता येत नायत? तिला बसवून आणलंत तुम्ही! ती काय वाईट करायची नाय, माझी बहीण ती. मुक्यांना गोंजारत बसली असेल. पण तिचा हात लागला की त्यांना हितलं अन्न लागायचं नाय. हळूहळू जातील तिच्यामागनं."

"मग काय करू?"

"नाव घेऊन बसवलंत, आता नाव घेऊन उतरवा. वेशीवर विडा ठेवा नि म्हणा, उतर बाई, तुझं गाव आलं. माहेर हाय तिचं. सुखानं उतरंल. दुसऱ्या कोणाचं काम नाय ते, तुमचंच हाय."

१० फेब्रुवारी, सोमवार

गेलो नाही. पाय दुखतात म्हणालो.

ती उतरली की खंड्या पुन्हा ओकणार, मांदेली किंचाळणार. मग दोघं सखूच्या अंगणात आणि मी चौथ्या मजल्यावर, एकटा. नाही उतरली तर दोघं मरणार. आणि तिसरी गोष्ट आहे. ती योगिनीला सांगता येत नाही, पानाला सांगतो: मला ती उतरायला नको आहे. परवा टेबलावर चष्मा शोधत होतो. तो माझ्या उजव्या हाताकडे सरकलेला होता, काड्या मिटून. मी कधी काड्या मिटत नाही. त्यावरून ती चाळीस वर्षं बोलली.

मांदेलीला उचललं. हातात कापसाचा पुंजका. फासळ्या मोजता येतात. माझ्याकडे बघतच नाही, माझ्या बाजूला बघते आणि घुरघुरते.

११ फेब्रुवारी, मंगळवार. चिपळूणच्या अलीकडे

सकाळी दहाला वेशीवर गेलो. केतन-योगिनीला गाडीत बसवलं, एकटाच उतरलो. विडा, सुपारी, नारळ. आंब्याला मोहोर इतका की खाली उभं राहिलं तर डोळे चुरचुरत होते. बोललो. परत येऊन बसलो.

गाडी सुरू होते न होते तोच मागे भांडं पडल्यासारखा आवाज. मांदेली! पिंजऱ्यात उभी राहून किंचाळत होती. खंड्या धापा टाकत दारावर नखं ओढायला लागला आणि तिसऱ्या वळणावर योगिनीच्या नव्या पिशवीत भडाभडा ओकला.

मी डोळे मिटून घेतले. संपलं म्हटलं.

तर योगिनी टाळ्या पिटतेय! "ओकला! आप्पा, ओकला हो! केतन, थांबव गाडी!"

रस्त्याकडेला सखूनं दिलेल्या भाकऱ्या सोडल्या. खंड्यानं तीन खाल्ल्या, चौथीसाठी केतनच्या अंगावर चढला. मांदेली सुकट खाताना गुरगुरत होती, बोट जवळ नेलं तर ओरबाडलं. योगिनीनं पिशवी नळाखाली धरली होती आणि रडत होती. मला म्हणाली, "त्या गप्प बसण्यानं माझ्या अंगावर काटा यायचा. ओरडू दे त्यांना. सोसायटीला मी बघते. दोघंही आपल्याकडे राहतील."

"आणि ओकला तर?"

"तर तुम्ही पुसायचं. मी नाही!"

१२ फेब्रुवारी, बुधवार

पनवेलच्या आधी थांबलो. खंड्या एका म्हशीवर भुंकला. म्हैस ढिम्म. केतन म्हणाला, बुरोंडीची इज्जत घालवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. डोंबिवली

वेशीवर काय बोललो ते परवा लिहिलं नाही. उतर म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. म्हणालो, मुक्यांना सोड, तू इकडे माझ्याजवळ बस.

तेव्हापासून पोटात काही नाही. भूकच लागत नाही. ताट तसंच परत जातं, नाही तर हळूच खंड्याला. तो आनंदानं खातो.

आत्ता योगिनी स्वयंपाकघरात केतनला सांगत होती, "आप्पांचीच मला काळजी होती बघ, नव्या जागेत करमेल की नाही. पण किती शांत बसलेत!"