सुलूची हनुवटी

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

शाळेत शिवणवर्गामागे तीन पायऱ्या होत्या. मी नववीत, सुलू दहावीत. आमच्या वर्गाचा फोटो होता त्या सकाळी. सुलूने रिळाचा दोरा तोडला, एक टोक दातात धरलं आणि माझ्या हनुवटीवरचा पहिला केस उपटला. काळा, राठ. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "घे, तुझी दाढी." मागून सिस्टर चालल्या होत्या. "व्हॅनिटी, गर्ल्स." सुलूने तो केस त्यांना दाखवला — "नो सिस्टर, ओन्ली वन."

एकच कसला! पुढे दोघींनाही येतच राहिले. आईकडून आलेले. लग्न होऊन सुलू माकुणसारला गेली, मी बोईसरला. रविवारी एकीने दुसरीकडे जायचं. जेवणं झाली की मागच्या ओट्यावर, उजेडाकडे तोंड करून. आधी मी तिचे काढायचे, मग ती माझे. हे असताना विचारायचे, दोघी बहिणी तिकडे करता काय इतका वेळ? सुलू सांगायची, गजरे. अगदीच खोटं नव्हतं — तिच्या वाडीतल्या कागड्याचे गजरे ज्या दोऱ्यात ओवायची, तोच दोरा.

कॉन्व्हेंटचं इंग्रजी तिच्या तोंडून हळूहळू गेलं आणि माकुणसारची बोली आली. "हलू नको गो, नायतर ओठ जाईल तुजा."

इतक्या जवळून माझा चेहरा दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. यांनीही नाही.

आज जेवून गॅलरीत जाऊन बसले, उजेडाकडे तोंड करून. बसल्यावर लक्षात आलं. उठून आत आले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

जानेवारीत सुलू गेली तेव्हा तीन आठवडे दवाखान्यात होती. शेवटचे पंधरा दिवस मशिनवर. नळीची पट्टी हनुवटीवरूनच चिकटवलेली, हात लावायची सोय नव्हती. घरी आणलं, पट्टी निघाली. अंगणात ठेवली. हळदकुंकू लावलं. सगळे पुढे येऊन तोंड बघत होते आणि दिवसाच्या लख्ख उजेडात तिच्या हनुवटीवर पांढरे केस — लांब, वळलेले. मी पदर ओढायला पुढे होते तोवर शेजारची गोदूबाई कुणाला तरी म्हणाली, "दाढी बग ना हिची."

कुजबुजत म्हणाली. वाईट मनानेही नसेल. पण सुलूच्या तोंडचं शेवटचं वाक्य मला आठवत नाही, हे आठवतं. डोळे मिटले की सुलू दिसत नाही. सुलूची हनुवटी दिसते.

माझ्या वेळी काय? माझं कोण बघेल?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

वैभवीने — नातीने — मोबाईलवर दाखवलं, स्टेशनच्या पूर्वेला स्किन क्लिनिक निघालंय. सून रूपाली म्हणाली, मी येते सोबत. मी नको म्हटलं. रूपाली आलीच. ती तशीच आहे, कमी बोलते आणि येते.

डॉक्टर दीपिका म्हणून तरुण मुलगी. माझी हनुवटी दिव्याखाली धरली. मी अंग चोरलं. वर्षभरात कुणी हात लावला नव्हता तिथे.

"काकी, आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्यावर रागावणार नाही. लेझर केसातला काळा रंग शोधतो. पांढऱ्या केसात त्याला काही सापडतच नाही. पांढरे जाणार नाहीत."

"आणि काळे?"

"सहा ते आठ सिटिंग. महिना-दीड महिन्याने एक. कमी होतील, बारीक होतील. या वयात हनुवटीवर नवेही येतात, म्हणून पुढे वर्षातून एकदोनदा यावं लागेल. 'कायमचे' हा शब्द बाहेरच्या बोर्डावर आहे. माझ्या तोंडून ऐकणार नाही."

मला हसू आलं. मुलगी आवडली.

एक मात्र तिने पुन्हापुन्हा बजावलं — काळे उपटायचे नाहीत. दोरा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. मूळच काढलं तर लेझर पकडणार काय? आदल्या दिवशी वरून नुसते ब्लेडने काढून यायचं.

"आणि पांढरे?"

"सुईने एकेक मूळ जाळतात, पण ते इथे होत नाही. पांढरे काढा तुम्ही दोऱ्याने, त्याला हरकत नाही. घरात कुणी आहे ना काढून द्यायला?"

"नाही," मी म्हटलं.

रूपाली शेजारच्या खुर्चीत होती. पर्सची चेन उघडत, लावत होती.

शुक्रवार, ६ डिसेंबर

रूपालीने आणलेलं छोटं ब्लेड. न्हाणीघराची कडी लावून दाढी केली. चौसष्टाव्या वर्षी. सुलू असती तर हसून ओट्यावरून खाली पडली असती.

शनिवार, ७ डिसेंबर

डोळ्यांवर काळा चष्मा. थंड जेल. मग रबरबँड ताणून सोडावा तसा फटका, पुन्हा, पुन्हा. सोसण्यासारखं.

वासाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जळक्या केसांचा. इतकासाच, पण खोलीभर झाला. मी डोळे मिटलेले, आणि एकदम माकुणसारची स्मशानभूमी. बायका मागेच थांबल्या होत्या त्या दिवशी, मी गेलेच नव्हते तिथे. तरी वास ओळखला.

"दुखतंय का काकी? थांबू?"

म्हटलं, डोळ्यांत जेल गेलं.

रविवार, २२ डिसेंबर

तोंड धुताना काळे केस टॉवेलला आले, आपोआप. डॉक्टर म्हणाली होती, गळतील तसे. हनुवटी थोडी हलकी वाटते. पांढरे आहेत तिथेच आहेत. माझे मीच दोऱ्याने काढू पाहते. स्वतःचे नीट निघत नाहीत, निम्मे तुटतात.

रविवार, १२ जानेवारी २०२५

हे वैभवीला सांगता येणार नाही. जेवून पडले होते. झोप नाही, जाग नाही. हनुवटीवर दोऱ्याचा चटका. नेहमीच्या जागी, डावीकडे. दोरा ओढताना दातांतून येतो तो सूंऽ आवाज. मी हलले नाही. ओठ जाईल म्हणून.

डोळे उघडले तर पडदा हलत होता आणि कुणी नव्हतं. मागच्या रविवारीही असंच झालं. लिहिलं नव्हतं.

गुरुवार, १६ जानेवारी

सुलूचं वर्षश्राद्ध. माकुणसारला जाऊन आले. पहाटे उठले आणि आरशात बघितलं. आज तेच अंगण, तेच डोळे, गोदूबाई. दोरा घेतला, चिमटा घेतला. पांढरा, काळा — हाताला लागेल तो. हनुवटी लालबुंद झाली.

गोदूबाई पानावर माझ्या शेजारीच बसली. "तुजा तोंड बरा साफ हाय गो. सुलूचा पण असाच व्हता पयले." पानांवर खीर वाढत होते तेव्हा म्हणाली.

शनिवार, १८ जानेवारी

क्लिनिकमधून परत पाठवलं.

"काकी, मुळं कुठायत?" दीपिकाने दिवा जवळ आणला. "सगळं उपटलंत?"

"घरी कार्य होतं."

ती रागावली नाही, तेच लागलं जास्त. "आता उगवेपर्यंत थांबायचं. आज मारलं तर नुसती कातडी भाजेल."

रिक्षात रूपाली म्हणाली, "आई, मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं तुला?"



शनिवार, २२ फेब्रुवारी

दुसरं सिटिंग झालं. पुन्हा तोच वास.

शनिवार, ५ एप्रिल

तिसरं. काळे आता मोजकेच. दीपिका खूश. "बघा, सांगितलं होतं तेवढं झालं की नाही?"

झालं. सांगितलं होतं तेवढंच झालं.

घरी येऊन यांनी दिलेला हातआरसा खिडकीत धरला. काळे गेले तसे पांढरे उठून दिसतात. सुलूचे शेवटी सगळेच पांढरे झाले होते. म्हणजे माझं ते मशिनने नेलं आणि सुलूचं ते ठेवलं. आरशात तिचीच हनुवटी. अंगणातली.

आरसा पालथा घातला. कपाटात, साड्यांखाली.

बुधवार, १४ मे

ताप. दोरा धरवत नाही. असंच राहिलं तर?

शुक्रवार, १६ मे

ताप उतरला. उशीवर डोकं टेकून सहज हनुवटीवरून हात फिरवला.

गुळगुळीत.

काल दुपारी चटके जाणवले होते. सूंऽ असा आवाज. कागड्याचा वास आला, शपथेवर सांगते. मी तापात पुटपुटले होते, सुलू, आलीस? कुणीतरी "हं" म्हणालं होतं.

आली ती. माझी बहीण आली. पडून खूप रडले.

शनिवार, १७ मे

साड्यांखालचा आरसा काढला. खिडकीत नेला. पांढरा एकही नाही. पण डावीकडे तीन खुंट आहेत. काळे. शिल्लक ठेवलेले.

सुलूने काळे ठेवले नसते. तिला लेझर कुठे ठाऊक? माझं लेझर सुरू व्हायच्या आधीच गेली ती.

ज्याने काढले त्याने डॉक्टरचं बोलणं ऐकलंय.

रविवार, १८ मे

रूपाली ओट्यापाशी भाजी निवडत होती. विचारलं. तिने मान वर केली नाही.

"पांढरेच काढले आई. काळे लेझरला लागतात ना."

"दोरा धरायला कुठे शिकलीस?"

"मावशींनी शिकवलं. मशिनवर ठेवायच्या आधी मी डबा घेऊन जायचे ना. मीच म्हटलं होतं, मावशी, तुमचे काढून देऊ का, शिकवा मला. तर स्वतःच्या दंडावर शिकवलं. सलाईन नव्हती त्या हातावर. मी चांगला चिमटा काढला त्यांना, तर हसल्या. मग हनुवटी करायला गेले तर तोंड फिरवलं." रूपाली थांबली. "म्हणाल्या, माजा रावदे गो. माजा आता कोण बगताय. तुज्या सासूचा बगत जा."



"मग सव्वा वर्ष बोलली का नाहीस?"

"तुम्ही तोंडाजवळ येऊच देत नाही कुणाला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी तिथेच होते."

भाजीची परात तिच्या मांडीवरून काढून घेतली. दुसरं काय करणार? तिच्या केसांत गजरा होता, कागड्याचा. गुरुवारचा असावा, सुकलेला. सुलूचा हर्षित वाडीतली फुलं बाजारात आणतो, त्याच्याकडून घेते म्हणाली.

"आणि रविवारी दुपारी यायचीस ती? जानेवारीत?"

"कधी?" रूपाली म्हणाली. "मी एकदाच आले. गुरुवारी, तापात."



सोमवार, १९ मे

जूनमध्ये चौथं सिटिंग. जाणार आहे. काळ्यांचं ते मशिन बघेल.

माझ्यामागे: शाळेचा फोटो हर्षितला, मी त्यात नीट दिसावी म्हणून त्याच्या आईने माझी हनुवटी साफ केली होती, हे त्याला सांगावं. हातआरसा वैभवीला. सुलूच्या दोऱ्याचं रीळ रूपालीला.

मला अंगणात नेण्याआधी खोलीचं दार लावून घ्यावं. आत रूपाली, खिडकी उघडी. घाई करू नये. मी हलणार नाही.

चेहराही तिलाच.