डावीकडची सीट

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

कॉन्टेसा!

मधु चहा पिता पिता म्हणाला, "कोपरीत एक कॉन्टेसा विकायला आहे. कंपनीतला तानाजी सांगत होता. बघायला जाऊ या?" आणि कप टेबलाच्या अगदी कडेवर ठेवला. मी तो आत सरकवला.

(तोंडावर 'अहो', इथे मधु. एवढी सूट मी या वहीपुरती घेतली आहे.)

कंपनी सोडल्यापासून गॅलरीतली खुर्ची आणि तो. दिवाळीत स्कूटरही विकून टाकली — गुडघे दुखतात म्हणे. पेपर उघडतो, पान उलटत नाही. काही विचारलं तर "हं". आणि आज अचानक डोळ्यांत ही चमक! हत्ती घेऊ या म्हणाला असता तरी मी, चारा कुठे ठेवायचा, एवढंच विचारलं असतं.

कंपनीच्या मालकांकडे होती एक कॉन्टेसा. लांब नाक, रुंद छाती. मधु गेटातून बाहेर पडताना तिच्याजवळ मुद्दाम हळू चालायचा. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलंय. त्याला वाटतं मला माहीत नाही.

७ फेब्रुवारी

शकूला पुण्याला फोन केला. लेक बापावर गेलेली नाही. "आई, बाबांना म्हणावं छोटी मारुती घ्या. ही असली धावायची गाडी या वयात?" 'या वयात' हे शब्द मी मधुला सांगितले नाहीत.

१२ फेब्रुवारी, शनिवार

उद्याची तयारी. मधुने लोहचुंबक रुमालात गुंडाळून ठेवलंय. पत्र्यावर फिरवायचं — जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी, म्हणजे कधीतरी ठोकलेली. मग मला शिकवणी. गाडीच्या कडेला वाकून उन्हात पत्र्याची रेघ बघायची, लाट दिसली की समजायचं. दारं लावून आवाज ऐकायचा. टायर एकाच बाजूने झिजलेत का. कार्पेट उचलून वास घ्यायचा, कुबट आला तर पाणी शिरलेलं. पण सगळ्यांत मोठं, इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावायचं. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं.

"मला बघायला आलात तेव्हा एवढं तपासलं नव्हतंत!" मी म्हटलं.

"तेव्हा अक्कल कुठे होती?"

हसलो दोघं. किती दिवसांनी!

"बघायचं काम तुझं हं," तो म्हणाला. "तुझी नजर चांगली आहे."

१३ फेब्रुवारी, रविवार

कोपरीचं जुनं घर, पुढे मोठं अंगण. शेतजमीन बिल्डिंगांखाली गेली, अंगण तेवढं राहिलं. अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली ती — दुधी रंगाची. मधु दारातच थांबला. देवळात थांबतात तसा.

मालक दामाजी म्हात्रे, सत्तरीचे, पांढरी टोपी. बायको आवडाबाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गाडी त्यांच्या मुलाची, चंदूची. तो आता मस्कतला असतो, बायकोमुलांसकट. परत यायचा विचार नाही, बाबा गाडी विकून टाका, असं त्याने कळवलंय.

मधुने शिकवल्याप्रमाणे मी वाकून बघितलं. पुढच्या डाव्या मडगार्डवर लाट. मधुने चुंबक फिरवलं — घसरलं. आम्ही काही बोलायच्या आत आवडाबाईच म्हणाल्या, "तिथं रिक्षा घासलेली. चंदूला मीच शिव्या दिलेल्या." बरं वाटलं. लपवत नाहीत.

कार्पेटखाली कोरडं. टायर सारखे. मग मधुने बॉनेटवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला. मीही ठेवला. गरम! आम्ही यायच्या आधी कुणीतरी इंजिन सुरू करून ठेवलेलं होतं.

"आत्ता फिरवून आणली का?"

"नाय सायेब. नुसती चालू केली," दामाजी म्हणाले.

अजून एक गंमत मला दिसली. गाडीत चालवणाऱ्याची सीट आधी बसते. इथे उलटं. उजवी सीट ताठ आणि डावीला मात्र चांगला खोलगट खड्डा. मधुला दाखवलं. त्याने हात फिरवून पाहिला, त्यालाही अर्थ लागेना.

आवडाबाईंनी बाजूने चकल्यांची बशी पुढे केली. मधुने घेतलीच नाही. माणूस गाडीत इतका बुडाला होता! शेवटी मीच बशी घेतली.

१४ फेब्रुवारी

घरभर एकच विषय. गरम का ठेवलं? चोक देऊनही सुरू होत नसेल? सुरू होताना निळा धूर ओकत असेल? मधु तपासणीच्या या खेळात इतका रमलाय की मला त्या गरम बॉनेटचे आभार मानावेसे वाटतात.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला दामाजींना. "रविवारी येतोय. पण आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं."

"बरं, बरं. जेवायलाच या."

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळीच पोचलो. पुन्हा गरम.

मधु सरळ बोलला. "दामाजीशेठ, फोनवर सांगितलं होतं ना?"

दामाजी गोंधळले. टोपी काढली, पुन्हा घातली. "सायेब, पावन्यांना थंड गारी कशी दाखवू? थंड चाय देतो का आपन कोनाला?"

आवडाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलणार होत्या. मग वळून आत गेल्या.

मधुने चुंबक खिशात टाकलं. "राहू दे. निघतो आम्ही." जेवायलाही थांबलो नाही. वालाचं बिरडं शिजल्याचा वास अंगणभर येत होता, आणि आम्ही त्या माणसांच्या दारातून तसेच निघालो. दरवाजातून बाहेर पडताना मधुचा खांदा चौकटीला आपटला. रागात होता.

घरी येईपर्यंत एवढंच, "बनवतायत आपल्याला."

२१ फेब्रुवारी

पुन्हा गॅलरी. पुन्हा "हं".

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर वाटत राहिलं, गाडी गेली तर जाऊ दे, पण हा माणूस तिच्यामागे जाईल त्याचं काय? त्या खुर्चीत तो रोज थोडा थोडा कमी होतोय. मला भांडता येतं, समजूत काढता येते. पण न बोलणाऱ्याचं काय करायचं ते मला इतक्या वर्षांच्या लिखाणातूनही कळलेलं नाही.

आणि दामाजींचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. बनवणारा माणूस टोपी अशी काढघाल करत नाही.

मासिकाला कथा द्यायचीय. एक ओळ झाली नाही. उद्या सकाळी मी एकटी कोपरीला जाणार. न सांगता. मधुला सांगेन, टेंभी नाक्यावर मावशींकडे जाते.

२३ फेब्रुवारी, बुधवार

गेले. बरं झालं गेले.

उजाडून थोडाच वेळ झाला होता. आवडाबाई अंगणात सडा घालत होत्या. गाडीचं इंजिन चालू. एका दमात, संथ, कुठे खोकला नाही की धूर नाही. चालवायच्या सीटवर कुणी नाही. आणि डावीकडे — दामाजी. हातात चहाचा पेला. समोर बघत बसलेले. जाणार कुठेच नाहीत, मांडवाला पुढून आडवा बांबू बांधलेला.

आवडाबाईंनी मला बघितलं, बादली खाली ठेवली आणि हाताला धरून ओट्यावर नेलं.

"बग बाय. रोजचा हा. चंदू जाताना सांगून गेला — बाबा, रोज सकाली चालू करून ठेव, नायतर बॅटरी उतरल. झाला! याला चालवता येत नाय. चावी फिरवतो, उतरतो, फिरून तिकरं जाऊन बसतो. पोरगा चालवायचा तवा तिथंच बसायचा ना!"

"मग त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगल? म्हातारा लाजतो. परवा तुमी गेल्यावर जेवला नाय. मी म्हटलं, अरं एक दिवस नको बसू! तर बोलतो कसा, बसल्याशिवाय चाय गोर लागत नाय." मग हलक्या आवाजात, "मला ती गारी दारात नको बाय. पोरगा येनार नाय ते मला कललंय. याला कलू दे."

तेवढ्यात दामाजींनी मला पाहिलं. दचकले. इंजिन बंद करायला वाकले, तर हात पोचेना. मग उतरून, फिरून, पलीकडच्या दाराने जाऊन चावी फिरवली. आवाज थांबला. अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

मी म्हटलं, "काका, फार छान सुरू होते गाडी."

"चंदूची गारी हाय," ते म्हणाले. "एका चावीत."

तो डावीकडचा खड्डा! किती दिवसांच्या सकाळी साठल्यात त्यात.

२४ फेब्रुवारी

मधुला सगळं सांगितलं. मावशींच्या थापेसकट. तो म्हणाला, "शेजारी बसूनसुद्धा गाडी आपलीच वाटत असेल का गं?"

काय प्रश्न हा! मी म्हटलं, "दामाजींना विचारा."

"विचारीन," तो गंभीरपणे म्हणाला.

२७ फेब्रुवारी, रविवार

आज बॉनेट गार होतं. दामाजी ओट्यावर बसलेले, हाताची घडी घालून. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आवडाबाई म्हणाल्या, "बग, आज चाय पन घेतला नाय!"

मधु त्यांच्याजवळ गेला. "काका, माझं चुकलं. चला, तुम्हीच सुरू करा."

एका चावीत! मधुने मला धुराड्यामागे पांढरा रुमाल धरायला लावला. नुसती ओल, काळं-निळं काही नाही. माझ्या लग्नातला रुमाल होता तो. असो.

मग हायवेवर न्यायची. मला वाटलं आता मधु उजवीकडे बसेल, हाच तर क्षण! तर चावी माझ्या हातात. "तू चालव. मला आवाज ऐकायचेत. चालवताना ऐकू येत नाही नीट." माझं लायसन्स त्याने डिसेंबरमध्ये आरटीओत नेऊन रिन्यू करून घेतलंय — स्वतःचं मात्र "नंतर बघू". मामाच्या फियाटवर शिकलेली मी! लग्नानंतर कितीदा चालवली असेल?

दामाजी मागे बसले. मी देवाचं नाव घेतलं. कोपरीच्या गल्लीतून पहिल्या गिअरवरच बाहेर काढली. आणि मग हायवे! जरा पाय दाबला आणि तिने नाक उचललं. मधु शेजारी डोळे मिटून — "दुसरा गिअर पडतोय का बघ... आता स्टिअरिंग जरा सैल सोड, ओढते का कुठे?... ब्रेक. सरळ थांबली? शाबास!" शाबास मला की तिला, कोण जाणे. डावीकडून एक सायकलवाला आला, मीच दचकून ब्रेक मारला. मधुने डोळे उघडून रस्त्याकडे बघितलं, "का थांबलीस?"

परतताना मागून दामाजींचा आवाज, "ताई, तुमी चंदूपेक्षा हलू चालवता. पन बरं वाटतं."

ठरलं.

६ मार्च, रविवार

आणली घरी.

निघताना आवडाबाईंनी गाडीची ओटी भरली. खरंच! बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ. "लेक सासरी चालली," म्हणाल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना. दामाजींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि बोटं तशीच ठेवली थोडा वेळ. मधुने त्यांना विचारलंच — "काका, शेजारी बसूनसुद्धा गाडी आपली वाटते का?"

दामाजींना प्रश्नच कळला नाही. "मंग? चालवनारा आपला असला की झाला."

मुंब्र्यावरून, शिळफाट्याने आलो. चालवली मीच. मधु म्हणाला, आज तुझा मान. बिल्डिंगमधल्या लोकांनी गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवल्या, आणि मी गेटाच्या खांबाला आरसा घासला. आवडाबाई असत्या तर शिव्या दिल्या असत्या.

७ मार्च

मधु दोनदा खाली जाऊन गाडी पुसून आला. चालवायला नेली नाही. गुडघा?

१० मार्च, गुरुवार

सकाळी जाग आली ती खालच्या आवाजाने. संथ, एका दमातला. अंथरुणात मधु नव्हता. खाली गेले. बॉनेट गरम. चालवायची सीट रिकामी. मधु डावीकडे, दामाजींनी केलेल्या खोलगटात, मांडीवर हात ठेवून बसलेला.

"काचबिंदू," तो समोर बघत म्हणाला. "दिवाळीतच सांगितलं डॉक्टरांनी. कडेचं दिसत नाही मला. गाडी चालवायची नाही आता. तुला सांगायला तोंड उघडत नव्हतं." मग, "समोरचं दिसतंय अजून. रस्ता समोरच असतो ना गं?"

मी पदर खोचला. गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले.