लगामाच्या पेशी

३ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उंदरांची खुशाली कळली. आमच्या लेकीच्या, चिमणीच्या जीनमधला बिघाड तू त्यांच्यात घातलास, तेव्हा ते नात्याने आपले कोण, असं आमच्या हिने विचारलं. मी म्हटलं, ताईने लग्न नाही केलं, पण भाचरं मात्र शंभर दिली.

तू सुचवलेलं औषध सुरू होऊन दोन महिने झाले. आधी चिमणीला आठवड्याला दोन झटके यायचे, आता रोज येतात. डॉक्टर पहिल्यापासून का-कू करत होते, परवा तर बंदच करू म्हणाले. माझी बहीण नेमक्या याच दुखण्यावर संशोधन करतेय, असं सांगून मी उलट डोस वाढवून घेतला. औषध तुझं आहे हे हिला ठाऊक नाही. गुण येऊ दे, मग सांगू.

बांधणीच्या दुकानात हात पुस्तकावर असतो आणि जीव घरी. डोस आणखी वाढवू का, तेवढं लगेच कळव.

माया आहे तशी राहू दे.
तुझा धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल फोनवर डोस वाढवू नकोस, डॉक्टर सांगतील तसं औषध उतरव, एवढंच बोलले. उरलेलं तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही.

मेंदूत काही पेशी आरडाओरडा करणाऱ्या, तर काही त्यांना आवरणाऱ्या, लगामाच्या. मी काचेच्या ताटलीत फक्त पहिल्या तपासल्या. औषधाने त्या शांत झाल्या आणि मी हुरळून तुला लिहिलं. गेल्या आठवड्यात तेच औषध जिवंत उंदरांना देऊन, तापात येतो तसा झटका येतो का ते पाहायला, पिंजरा जरा गरम केला. औषध न दिलेल्या चौदांपैकी चौघांना झटका आला, दिलेल्या चौदांपैकी तेरांना. त्यातले पाच गेले. मग लगामाच्या पेशी पाहिल्या. बिघाडाने त्या आधीच अर्धमेल्या होत्या, औषधाने पुरत्या निजल्या.

हे आधी पाहायला तीन आठवडे लागले असते. तेवढा धीर मला धरवला नाही. माझं चुकलं, धाकट्या.

रागाव, पण पत्र टाकणं सोडू नकोस.
तुझी ताई


१ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, औषध उतरवायच्या आधी, चिमणीला झटका आला तो पाऊण तास थांबला नाही. आता औषध सुटलंय, झटके पुन्हा आठवड्याला दोनवर आलेत. पण तिला चाळीसेक शब्द येत होते, त्यातला एकही उरला नाही. चमचा पुढे केला की तोंड उघडते, एवढंच.

परवा दवाखान्यात ही सगळ्यांदेखत डॉक्टरांना नाही नाही ते बोलली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. हट्ट कुणाचा होता हे त्या खोलीत डॉक्टरांना आणि मलाच ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. तुला वाचवलं की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही.

रागावलोय, खोटं कशाला बोलू. पत्र टाकत जाईन. तू मात्र यापुढे दुकानाच्या पत्त्यावर लिही. घरी तुझं पाकीट आलं की ही हातातलं काम टाकून दाराशी धावते. तिला वाटतं, तुला औषध सापडलं.

उरली असेल तेवढी माया ठेव.
तुझा धाकटा