काहिलीतून बेटाला वळसा

१४ जानेवारी १९९८, बुधवार

तिळगूळ वाटायला निघाले तोच मोहिनीचं पत्र. आत फोटो. पांढरी याट, मागे नारळाची झाडं, कठड्याला धरून मोहिनी. नवऱ्याबरोबर कुठल्याशा बेटाभोवती आठ दिवस फिरली. रोज नव्या किनाऱ्यावर उतरायचं, भटकायचं, जेवायला परत याटवर. खाली लिहिलंय, तुझी आठवण आली.

यायलाच हवी. नववीत, कॉन्व्हेंटच्या डॉर्मिटरीत, बेटाचा नकाशा मी काढला होता. तिने फक्त निळा रंग भरला. दोघींनी मिळून जायचं असं ठरलं होतं. चाळीस वर्षं मी थांबले. ती थांबली नाही.

दुपारीच उत्तर लिहिलं. माझीही याट तयार होते आहे, रविवार ३ मे रोजी आमच्या बेटाला फेरी घालणार, बघायला ये. साळुबाई भांडी घासून घरी निघाली होती, तिच्याच हाती पोस्टात टाकलं.

आता याट मिळवायची. बेट आहे.

१७ जानेवारी

बेटाविषयी नोंद. आमच्या शेताच्या खाली धरणाचं पाणी, पाण्यात गवळ्याची टेकडी. लग्न होऊन आले तेव्हा ती साधी टेकडी होती. सासूबाईंबरोबर करवंदं तोडायला जायचे. हाताला चीक, ओच्यात करवंदं, आणि सासूबाई मला ती इंग्रजीत मोजायला लावून हसायच्या. मग धरण झालं, पाणी चढलं, टेकडीचं बेट झालं. तेव्हापासून तिथे पाऊल टाकलेलं नाही. माथ्यावर एक आंबा होता. असेल.

यांना बेत सांगितला. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, तुला पोहता कुठे येतं? मी म्हटलं, कॅप्टन पोहत नसतो, जहाज चालवतो.

९ फेब्रुवारी

याट मिळाली. आमचं गुऱ्हाळ बंद होऊन सहा वर्षं झाली, त्यातली रस उकळायची काहील मागे पालथी पडली होती. लोखंडी, गोल, चार माणसं सहज बसतील. शेजारचे गेणभाऊ म्हशी घेऊन चालले होते, ते थांबून म्हणाले, "वैनी, आमचा आजा पुरात काहिलीतूनच पलीकडं जायचा. लई भारी चालती. फकस्त गरागरा फिरती."

फिरण्याला तंत्र असतं. शिकता येईल.

वेल्डर गोरखने दोन भोकं बुजवली. कशाला पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, सर्कमनॅव्हिगेशन. तो म्हणाला, बरं.

पांढऱ्या ऑइल पेंटने नाव घातलं, 'स्टेला'. भूगोलाच्या सिस्टर स्टेला यांच्या स्मरणार्थ. माझ्या वहीवर त्यांनी लिहिलं होतं की ही मुलगी लांब जाईल.

२२ फेब्रुवारी, सकाळी ७

चार्ट तयार. दिशा ठरवण्यासाठी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची मोठी तबकडी निवडली. तिचं तोंड आहे ती पूर्व.

सकाळी ११. तबकडीचं तोंड पश्चिमेला. ओझरच्या विघ्नहराच्या देवळाचा कळस घेतला. तो वळत नाही.

८ मार्च

पहिली रिहर्सल. साळुबाई पुढे, मी मागे, हातात गूळ ढवळायची लाकडी फावडी. फिरलो. बेटाभोवती नाही, जागच्या जागी. सतरा फेऱ्या. साळुबाईने डोळे मिटून विघ्नहराला नवस बोलला. उतरल्यावर म्हणाली, "बाई, आता मी न्हाई बसायची. जत्रंतला पाळणा बरा. त्यो थांबतो तरी."

काठावर गेणभाऊ आणि त्यांच्या आठ म्हशी उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. निदान म्हशी तरी नाही.

निष्कर्ष: बोट उत्तम. क्रूला सवय नाही.

२९ मार्च

बारावी रिहर्सल. गुपित सापडलं. दोघींनी वल्हवायचं नाही, एकीनेच पुढच्या बाजूने पाणी आपल्याकडे ओढायचं. सरळ गेलो. अर्ध्या पाण्यापर्यंत. साळुबाईने चक्क ओवी म्हटली. आंबा दिसला. आहे.

यांना सांगितलं. म्हणाले, इतकी गेलीस तर उद्या पूर्ण फेरी मारून घे, उन्हाळ्यात पाणी उतरतं. मी म्हटलं, कितीही उतरलं तरी टेकडीभोवती कंबरभर राहतं. दरवर्षी बघते. मला तेवढं पुरे. आणि मोहिनी आल्याशिवाय मी जाणार नाही. ती थांबली नाही, पण मी थांबणार.

यांनी पेपर खाली ठेवला.

१० एप्रिल

गेणभाऊ चौघांना घेऊन आले. त्यांच्या भावकीची शेतं कालव्यावर आहेत. धरणातून पाण्याचं जादा आवर्तन सुटलं नाही तर सगळी पिकं जळतील. दोनदा मराठीत अर्ज केला, उत्तर नाही. म्हणाले, "वैनी, तुमी इंग्लिशमधी लिवा. सायेब जरा घाबरला पायजे."

कित्येक वर्षांत कुणी मला इंग्रजी लिहायला सांगितलं नव्हतं. तीन पानं लिहिली. तहानलेली जमीन, गुरांचे डोळे, शेवटी 'वी इम्प्लोअर यू', म्हणजे हात जोडून विनवणी. सिस्टर असत्या तर फळ्याशेजारी लावलं असतं.

यांनी विचारलं, काय लिहिलंस ते एकदा वाचलंस का? मी म्हटलं, वाचायचं कशाला, मीच लिहिलंय. हे मान हलवत गोठ्याकडे गेले. वयाबरोबर माणसं अशी होतात.

१८ एप्रिल

पाणी सुटलं. तेही पूर्ण दाबाने. गेणभाऊंनी पेढे आणले. म्हणाले, साहेबाने पत्र दोनदा वाचलं म्हणे. इंग्रजी अजून शाबूत आहे.

२३ एप्रिल

याट काठापासून लांब राहिली. पाण्यापर्यंत ढकलत न्यावी लागली. बाष्पीभवन. यंदा ऊन फार आहे.

२६ एप्रिल

पुन्हा ढकलली. चौघं लागले. बाष्पीभवन वाढलं आहे.

२९ एप्रिल

गेणभाऊंच्या म्हशी आज बेटावर चरून आल्या. चालत.

संध्याकाळी कालव्याच्या पुलावर गेले. पाणी काठोकाठ वाहत होतं. बराच वेळ बघत उभी राहिले. हे न्यायला आले. मोहिनीला फोन करून सांगू का, म्हणाले. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, काही गरज नाही, ठरल्याप्रमाणे होईल.

३ मे, रविवार

मोहिनी आली. केस सगळे पांढरे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खास याटसाठी घेतलेले. काठावर उभी राहून इकडेतिकडे बघत तिने विचारलं, "पाणी कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत गेणभाऊ पुढे आले. "वैनींनीच सोडवलं. इंग्लिशमधी." आणि भावकीच्या वतीने सगळ्यांदेखत मला शाल आणि नारळ दिला.

मोहिनी हसत सुटली. हसता हसता चिखलातल्या काहिलीत जाऊन बसली. मी समोर बसले. काहील जराही फिरली नाही. साळुबाई म्हणाली, "आज बरी बसलीया."

मग मी नारळ घेऊन उठले आणि म्हटलं, चल. ठरलंय ते ठरलंय. भेगाळलेल्या गाळावरून दोघी निघालो. तिचा एक बूट चिखलातच राहिला. टेकडीवर नारळ फोडला, कैऱ्या पाडल्या. करवंदाची जाळी मेली आहे, पण मुळाशी नवा फुटवा दिसला. मोहिनीने विचारलं, नकाशात इथे समुद्र होता ना गं? मी म्हटलं, निळा तू भरला होतास.

लॉगबुक: फेरी पूर्ण. वेळ पस्तीस मिनिटं. पायी. दोघी मिळून.

६ मे

मोहिनी गेली. पाऊसकाळात धरण भरलं की पुन्हा येणार आहे. तोवर गेणभाऊंनी काहील मागितली, म्हशींना पाणी पाजायला. दिली. अट एकच, नाव पुसायचं नाही.

आज जाऊन पाहिली. गेणभाऊंच्या गोठ्यासमोर उभी आहे, 'स्टेला' हे नाव रस्त्याकडून स्पष्ट वाचता येतं. पाणी बाहेर असायला हवं होतं, ते आत आहे. बाकी बोट उत्तम.