फळीवरचे नऊ डबे

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
फिरते स्मृती-तपासणी पथक,
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर.

विषय : सौ. मनकर्णा शिरसाठ यांच्या तपासणीच्या कागदावरील 'गोंधळलेल्या आहेत' हा शेरा रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपण गेल्या महिन्यात समाजमंदिरात दिलेले व्याख्यान.

महोदया,

मानवी मेंदू हे विश्वातील सर्वांत थोर यंत्र होय, असे आपण व्याख्यानात सांगितलेत. अर्जदाराच्या घरी हे यंत्र सध्या चहात मीठ टाकते.

आपण पुढे सांगितलेत की, मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप्या प्रथिने धाडतात. नवे काही शिकले की त्या निरोपांनी पेशींचे जोड नव्याने बांधले जातात; या खटाटोपात डीएनएचे धागे तुटतात, आणि ते सांधणारे कारागीरही असेच निरोप बोलावून आणतात. सबब म्हातारपणी मेंदूला रोज नवे काम द्यावे. अर्जदाराची पत्नी अलीकडे माणसांची नावे विसरू लागल्याने त्याने हा सल्ला शिरसावंद्य मानला.

अर्जदार निवृत्त ग्रामसेवक असल्याने अंमलबजावणी रीतसर झाली. म्हणजे आखणी त्याने केली आणि काम पत्नीला लागले. स्वयंपाकघरातील फळीवरचे नऊ डबे बेचाळीस वर्षांत जागचे हलले नव्हते. अर्जदार रोज पहाटे त्यांच्या जागा बदलू लागला. पत्नी म्हणाली, "आवो, परीक्षा घेताय का जीव?" सदर हरकत नोंदवून फेटाळण्यात आली.

पंधरवड्याने तपासणीत आपण तिला विचारलेत, "आजी, मीठ कुठं ठेवता?" ती म्हणाली, "आज कुठं हाय ते यान्ला इचारा." त्यावर वरील शेरा पडला. तेव्हापासून ती तिसगावच्या बाजाराला एकटी जात नाही. फळीपुढे नुसती उभी राहते. शेजारच्या रतनबाईंना म्हणाली, "कागदावरच आलंय बाई, आता मला काय कळतंय?" नावे विसरणे परवडले, असे अर्जदारास आता वाटते.

शेरा आपला असला तरी गोंधळ अर्जदाराचा आहे, हे तो लेखी कबूल करतो. परवा त्याने डबे पूर्ववत लावायला घेतले, तर मूळ क्रम त्यालाच आठवेना. पत्नीस विचारल्यास ती "नगं, चुकंल" म्हणते व पदराचे टोक चाळवत बसते.

तपासणीआधी आपल्या पथकातील परिचारिका अंजुमताईंशी बोलताना तिने तो मूळ क्रम घडाघडा सांगितला होता. ताईंनी कौतुकाने तो तपासणीच्याच कागदाच्या मागे लिहून घेतला. तरी शेऱ्याचे सवडीने पाहावे. त्या मागच्या बाजूची झेरॉक्स मात्र लवकर मिळावी. मिठाची मूळ जागा अद्याप सापडलेली नाही.

आपल्या सल्ल्याबरहुकूम वागलेला,
रखमाजी भिकाजी शिरसाठ
दि. १४ जुलै २०२५

सोबत : तपासणीच्या कागदाची पुढची बाजू (एक प्रत).