बिनगिअरच्या गाडीचं तेल

भावजी,

दादा न्यायला आलाय. तेराव्यानंतर माहेरी जायची रीत, म्हणून पिंपळगावला चालले. तुम्ही झोपल्ते, उठवलं न्हाई.

गाडीचं तेल बदलायचं राह्यलंय. गिअर नसले तरी आतल्या पट्ट्याला ठरलेलंच तेल लागतं. डबा ह्यांनी आणल्ता, जिन्याखाली आहे. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणेल, कोणतंही चालतं. बिलकुल ऐकू नका. चालवताना डावा पाय बाजूला ठेवा, क्लच न्हाई. ह्यांचा तो पाय लुळा पडल्यावरच ही गाडी घेतल्ती.

रोज सकाळी थोडा वेळ चालू ठेवायची, हे ह्यांचंच सांगणं. आज मी चालू केली अन् सवयीनं बाजूच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ गाडी निघाली न्हाई, तेव्हा ध्यानात आलं. मंग बंद केली.

किल्ली देवापाशी आहे.

वहिनी