कशेळ्याची निसर्गरम्य फेरी आणि मामांची खबर

ती. धाकलूमामा यांस,

कर्जतहून गजाननचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात हात जोडण्यावरच भागवून घ्यावं, कमरेत वाकणं सध्या बंद आहे.) आपली प्रकृती उत्तम असावी. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी ते या वेळी अगदी मनापासून लिहितो आहे, कारण परवा रविवारी कडावपासून कशेळ्यापर्यंत आपण वारलात अशी बातमी होती आणि ती माझ्यामुळे पसरली. फोन केला असता, पण फोनवर आपल्याला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते आपण मानत नाही. म्हणून खालापूरच्या कचेरीत रोज येणाऱ्या आमच्या रुचिताच्या हाती हे पत्र देतो आहे.

याचं मूळ आपले चिरंजीव स्वप्नील. डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगून चहा बंद केला, तर या शहाण्याने आपली जुनी गिअरची सायकल मला आणून दिली आणि मोबाइलवर नकाशा पाठवला: कर्जत, कडाव, कशेळे, नेरळ आणि परत कर्जत, बेचाळीस किलोमीटर, मध्यम अवघड, निसर्गरम्य. मध्यम कोणाच्या मानाने, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सायकलची सीट म्हणजे तर बूड टेकायची जागा कमी आणि शिक्षा जास्त. आणि निसर्गाचं म्हणाल तर पन्नास वर्षं मी त्याच्यातच राहतो आहे. कापलेली भाताची शेतं, खडी वाहणारे डंपर आणि फार्महाउसचे बोर्ड; त्यात ज्याचं नाव शांतिकुंज त्याचाच स्पीकर सगळ्यात मोठा. मुंबईचे सायकलवाले मात्र या सगळ्याला हात जोडत होते. घट्ट काळ्या चड्ड्यांतली पाच-सहा मोठी माणसं एका म्हशीचे फोटो काढत रस्ता अडवून उभी होती आणि म्हशीचा मालक मागे ताटकळत होता. ती म्हैस निसर्गात धरायची की नाही, हे त्यांनाच ठाऊक.

कडाव सोडलं आणि डोळ्यात चिलट गेलं. डोळा चोळून लाल झाला, पाणी थांबेना. घाम टिपायला डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला होता. अशा थाटात मी अंबामावशीच्या दारात थांबलो, कारण रस्ता तिच्या अंगणाला लागूनच जातो आणि सख्ख्या मावशीच्या दारावरून तसाच पुढे गेलो असतो तर तिने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. (आपल्याला ती अकरा वर्षं ऐकवतेच आहे. स्वप्नीलच्या हळदीचं बोलावणं करायला थोरल्या बहिणीच्या घरी कोणी गेलं नाही, नुसता फोन केला, हे ती विसरलेली नाही, आणि त्यात तिचं फारसं चुकलंही नाही.) मावशी पाणी घेऊन आली. मी खालीच उभा राहून म्हणालो, पाणी नको, बसत नाही, अजून कशेळ्याला जायचंय, मग नेरळला. चहा टाळायचा तर ओटीवर चढायचंच नाही, एवढाच माझा हिशेब. पण दारात उभं राहून, पाण्यालाही न शिवता पुढच्या गावाला निघणारा माणूस आपल्याकडे कसली खबर घेऊन येतो, हे साखरेच्या धास्तीने माझ्या डोक्यातून साफ गेलं. मावशीने तांब्या खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “धाकलू?” मला इतकी धाप लागली होती की मी नुसता छातीवर हात ठेवला. गेल्याच महिन्यात आपण छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होतात, हे पंचक्रोशीला माहीत आहे. मावशी मटकन खाली बसली. उन्हाने बसली असेल असं समजून मी सायकल हाणली. यासाठी मला जे म्हणायचं ते म्हणा.

कशेळ्याच्या नाक्यावर पोचलो तर आपले मेहुणे धाऊमामा दुकानाचं शटर अर्धं ओढून उभे. त्यांनी मला मिठी मारली आणि रडत विचारलं, “कितीला न्यायचं हाय रं?” खबर माझ्या आधी पोचली होती. खात्री करायला त्यांनी आपल्या घरी फोनही लावला होता. तो कोणीतरी उचलला, दोनदा खोकलं आणि ठेवून दिला. घरात बोलायच्या अवस्थेत कोणी नाही असं त्यांनी धरलं. (फोन आपणच उचललात ना?) त्यांना कसंबसं समजावलं आणि तसाच मागे फिरलो. नेरळ राहिलं. निसर्गही राहिला.

मावशीच्या अंगणात बायका जमल्या होत्या. ती लुगडं बदलून, पिशवी मांडीवर घेऊन जीपची वाट बघत बसली होती. मी सांगितलं की मामा ठणठणीत आहेत, शनिवारीच रुचिताशी भांडले. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, “मग पाणी का नाय प्यायलास, मुडद्या?” त्यानंतर तिने मला समोर बसवून दोन कप चहा पाजला, आपल्याकडे साखर कमी घालत नाहीत तसा.

मामींना नमस्कार, आणि स्वप्नीलला माझ्याकडून काहीच नको.

आपला भाचा,
गजानन

ता. क. सायकल घेऊन जायला स्वप्नीलला सांगावं. ती बघितली की कंबर दुखते.

ता. क. दुसरा. मावशीने तीनदा बजावलं आहे, धाकलूला यातलं काही सांगायचं नाही. म्हणून सांगतो. तिच्या पिशवीत लुगड्याखाली पोह्यांच्या पापडांचा डबा होता. मेलेल्या माणसाला पापड कशाला, असं मी आपलं मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, “त्याचंच हायेत ते. दर साली वेगळं काढते.” अकरा वर्षं, मामा. येत्या रविवारी सकाळी नऊला मी रिक्षा घेऊन खालापूरला येतो, आपण तयार राहावं आणि मान कोणाचा ते रस्त्यात बोलू नये. डबा मी मागितला होता, आपल्याला पोचवतो म्हणून. तिने दिला नाही. म्हणाली, ज्याला खायचं हायेत त्यानं येऊन न्यावं.